माचिस जमा करा

रांझी, जबलपूर
५ मार्च १९९५

चि. लतिका,

जयभीम. तुझं पत्र मंगळवारी आलं. पोस्टमननं हाक मारली तेव्हा मी ओला हरभरा सोलत होते. पत्र वाचून झालं आणि दाणे मांडीवरून खाली सांडलेले तसेच राहिले. संध्याकाळी बेबी आली, तिनं गोळा केले. बेबी म्हणजे आपल्या बाजूच्या क्वार्टरमधली, जिच्याकडे फोन आहे. तिनं विचारलं, "मावशी, कॅनडात सगळे ठीक ना?" मी हो म्हटलं.

पोराला, विनयला, तुम्ही दारू सोडवायच्या त्या केंद्रात ठेवलं हे बरं केलं. लाज बाळगू नकोस. इथं चार घरांआड ही गोष्ट आहे आणि एकही घर दार उघडून सांगत नाही.

तू लिहितेस, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एक कागद भरायला दिला. घरात आधी कोणाला दारूचं व्यसन होतं का, असं त्यात विचारलं होतं. तू लिहिलंस, आईचे वडील. विनयनं ते वाचलं आणि म्हणाला, मग माझा काय दोष, हे माझ्या रक्तातच आहे. तेव्हापासून तो सगळ्यांना तेच सांगतो. हा भाग मी तीनदा वाचला. त्याबद्दल आज लिहीत नाही. लिहायचं आहे, पण आज नाही.

आज तुझ्या बाबांविषयी दुसरंच लिहिते. हे पत्र विनयला वाचून दाखव. त्याला मराठी बोलता येत नाही, पण कळतं असं तू म्हणतेस. म्हणून तुला माहीत असलेलंही लिहिते आहे.

त्याला सांग की त्याचे आजोबा, अंबादास, दारूगोळ्याच्या कारखान्यात गेटावर दरबान होते. आत सगळा स्फोटाचा माल. त्यामुळे आत जाणाऱ्या प्रत्येकाचे खिसे तपासायचे, बिडी, माचिस, लायटर काढून घ्यायचं, हे त्यांचं काम. चपलेला खिळा आहे का तेही बघायचं. दाराशी लाकडी कप्पे होते, प्रत्येक कप्प्याला नंबर. माल कप्प्यात आणि त्याच नंबरचा पितळी बिल्ला माणसाच्या हातात. सुटी झाली की बिल्ला द्या, आपली बिडी घ्या. सोळा वर्षांत एकाची बिडी दुसऱ्याच्या खिशात गेली नाही. "सरकारचा माल एक वेळ इकडचा तिकडं होईल," ते म्हणायचे, "माणसाची बिडी नाही झाली पाहिजे. तो दिवसभर तिचीच वाट पाहते."

तोंडाचा वासही घ्यायचे. सकाळी सात वाजता माणूस समोर आला की "जयभीम म्हण" म्हणायचे. तो म्हणाला की वास कळे. हिंदू असला तर "राम राम कह". पाद्री आला असता तर त्यालाही काहीतरी म्हणायला लावलं असतं.

पुंडलिक नावाचा एक कामगार होता, गांजाचा शौकीन. त्या वेळी गांजा सरकारी परवान्याच्या दुकानात मिळायचा, ओमतीकडे माणसं उघड रांगेत उभी राहत. या पुंडलिकनं छत्रीच्या पोकळ दांड्यात पुडी कोंबली. उन्हाळ्याचे दिवस, आभाळात ढग नाही. तुझ्या बाबांनी छत्री हातात घेऊन हलवली.

"पुंडलिक, आज पाऊस येऊन राहिला का?"

"नाही भाऊ, ऊन लागते."

"मंग छत्रीला सर्दी काहून झाली? नाक चोंदलं हिचं."

सगळं गेट हसलं. पण संध्याकाळी पुडी पुंडलिकच्या हातात परत दिली, एक चिमूट कमी नाही. मी म्हटलं, "जप्त काहून नाही केली?" तर म्हणाले, "सरकार विकते, तो घेते, मी कोण जप्त करणारा? घरी ओढ, घाटावर ओढ. फाटकाच्या आत नाही. माझं काम फाटकापुरतं."

एवढंच आज. ऊन चढायला लागलं आहे. विनय जेवतो का ते कळव.

तुझी आई,
कलावती

रांझी
२ एप्रिल १९९५

चि. लतिका,

मागच्या पत्राचं उत्तर यायच्या आधीच हे लिहिते आहे. तिथून इथं पत्र यायला पंधरा दिवस लागतात आणि तेवढे दिवस डॉक्टरीणबाईंच्या त्या कागदावर तेच लिहिलेलं राहील. मला चैन पडत नाही.

तुझे बाबा त्या दिवशी विमानात प्यायले नव्हते. त्या दिवशी नाही आणि कोणत्याच दिवशी नाही.

हे आधी लिहून टाकलं. आता सगळं सांगते.

अडुसष्टचा नोव्हेंबर. तुला हवाई सुंदरीची नोकरी लागून वर्ष झालं होतं, मुंबईला होतीस. कंपनीकडून आईवडिलांचे दोन पास मिळाले. तू लिहिलंस, लांब नाही तर नाही, भोपाळपर्यंत तरी एकदा बसा, येताना गाडीनं या. सगळ्या क्वार्टरमध्ये बातमी झाली. आमच्यातलं तोवर कोणी विमानाजवळही गेलं नव्हतं. गीताबाई आमचा बायकांचा साक्षरता वर्ग घ्यायच्या. त्यांनी सांगितलं, "कलावती, वही संग ने, वर काय दिसते ते लिहून आण." म्हणून वही पिशवीत घेतली. बाबांनी गेटावरचा खाकी कोट आणि टोपी घातली. दुसरा चांगला कोट नव्हता.

डुमन्याच्या विमानतळावर तेव्हा काय होतं? एक बैठी इमारत आणि माळरान. दोन पंख्यांचं जुनं विमान उभं होतं, इंजिनाखाली तेलाचे ओघळ. एक माणूस शिडीवर चढून विमानाच्या पंखात नळीनं तेल भरत होता. बाबा बघत राहिले. मला म्हणाले, "पाहून राहिली का? टाकी पंखात आहे. आपण टाकीच्या बाजूला बसणार." आणि इकडे तिकडे बघायला लागले. मी विचारलं, काय शोधता? तर म्हणाले, "गेटवाला कुठं आहे? आपल्याला कोणी तपासलंच नाही."

त्या काळी कोणी तपासत नसे. तिकीट दाखवा आणि चढा.

आत तुझी मैत्रीण मनीषा होती. तिनं ताटलीत गोळ्या आणि कानात घालायला कापूस आणला. मी गोळी तोंडात टाकली आणि कापूस पिशवीत ठेवला, इतका पांढरा कापूस कानात काय घालायचा म्हणून. खुर्चीच्या हातात एक लहान झाकण होतं. बाबांनी उघडलं. "हे काय?" मी म्हटलं, "पान थुंकायला असेल." त्यांनी बोट घालून पाहिलं. राख. तोंडावरचा रंगच गेला त्यांच्या. "कलावती, हे लोक इथं बिडी ओढतात."

विमान वर गेलं. खाली नर्मदा दिसली, धुवून वाळत घातलेल्या पातळासारखी. मी वहीत लिहायला घेतलं, 'नर्मदा' एवढाच शब्द झाला. समोरची सिगारेटबंदीची लाल पाटी विझली आणि पुढच्या रांगेतल्या माणसानं सिगारेट पेटवली. दारूच्या ठेक्यांचा मोठा ठेकेदार होता तो, पण ते नंतर कळलं. कोटाच्या आतल्या खिशात चपटी बाटली. वास मलाही आला.

बाबा उठले. त्याच्यासमोर उभे राहून टोपी पुढं केली.

"साहब, माचिस जमा करो."

"क्या?"

"माचिस, सिगरेट. उतरते टाइम मिल जाएगा."

"तू है कौन?"

"गेट पर हूँ साहब."

तो हसला आणि धूर सोडला. तुझ्या बाबांनी त्याच्या बोटांतली सिगारेट अलगद काढली आणि घाईत ते राखेचं झाकण सुचलं नाही म्हणून स्वतःच्या मुठीत चुरडली. लायटर उचलून टोपीत टाकला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नंबर लिहून दे."

मी दिला, लतिका. वहीचं पान फाडून '१' लिहिला. नुकतेच आकडे शिकले होते, मोठा गोल '१' काढला. त्यांनी तो कागद त्या माणसाच्या हातात ठेवला. मागचा एक म्हातारा मारवाडी म्हणाला, "अरे भैया, मेरी भी ले लो, घरवाली ख़ुश हो जाएगी." लोक हसायला लागले आणि एकेक जण माचिस द्यायला लागला. मनीषा मागून "काका, बसा ना, काका" करत होती. मी आठपर्यंत आकडे लिहिले. तेवढ्यात काय गडबड आहे बघायला वैमानिक स्वतः बाहेर आला, तोंडात सिगारेट. तुझ्या बाबांनी सलाम केला आणि टोपी त्याच्याही पुढं धरली.

वैमानिकानं टोपीत बघितलं, यांच्याकडे बघितलं, हातातला माझा कागद बघितला. सिगारेट विझवली, लायटर टाकला आणि नऊ नंबर घेतला. म्हणाला, "चाचा, अब बैठ जाओ, नहीं तो जहाज़ कौन चलाएगा?" बाबा बसले.

भोपाळला उतरताना दाराशी उभे राहून कागद बघून सगळ्यांचं सगळं परत केलं. ठेकेदारालाही. त्यानं लायटर घेतला आणि उतरून गेला. बाबांच्या तळव्यावर फोड आला होता. गाडीत मी त्यावर तो कापूस बांधला. इतके खूश होते, की इटारसीपर्यंत बोलतच होते. मीही खूश होते. माझ्या आयुष्यात तो दिवस सगळ्यात चांगला होता. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही ठेवलंच नाही आम्ही.

मग त्या ठेकेदाराची तक्रार आली. कर्मचाऱ्याच्या पासवर बसलेला माणूस दारू पिऊन होता, त्यानं मारहाण केली. तुझ्यावर चौकशी बसली. कंपनीच्या इथल्या साहेबानं आम्हाला बोलावलं आणि बाबांकडून सही घेतली की मी नशेत होतो, माफ करा. साहेबानं ती सही करायला लावली. कंपनीनं चौकशी मिटवली.

विनयला सांग. डॉक्टरीणबाईंना सांग.

आई

रांझी
२७ एप्रिल १९९५

लतिका,

बेबीच्या घरी तुझा फोन आला तेव्हा तिची सासू, तिची मुलं, सगळी खोलीत होती, म्हणून मला धड बोलता आलं नाही. तू एकच विचारत होतीस. "मग तू मला लिहिलं होतंस ते काय होतं, आई?" मी म्हटलं, पत्रात लिहीन. तू फोन ठेवून दिलास.

लिहिते.

मागच्या पत्रात लिहिलं की साहेबानं सही करायला लावली. ते खरं नाही. साहेबानं दोन वाटा सांगितल्या होत्या, एवढंच. तो म्हणाला, "पिए थे, लिख दो, बात ख़त्म. पीने वाले को सब माफ़ कर देते हैं. होश में थे, तो पुलिस. फिर लड़की की नौकरी का मैं कुछ नहीं कह सकता." तुझ्या बाबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "साहब, मैं पीता नहीं." आणि उठले. दारापर्यंत गेले होते.

मी त्यांचा कोट धरून मागं ओढलं. साहेबासमोर. मी म्हटलं, "पोरगी एवढी वर गेली, तिला खाली काहून आणता? तुमचं काय जाते एका सहीत?"

ते वळले. "माझं काय जाते ते तुला माहीत नाही का?"

मी म्हटलं, "माहीत आहे. द्या."

त्यांनी सही केली.

त्यानंतर तुझं पत्र आलं. मला शब्दन्‌शब्द आठवतं. 'मनीषा म्हणते काकांना वास नव्हता. कंपनी म्हणते त्यांनी लिहून दिलं. आई, तू शेजारी बसली होतीस. खरं काय ते तू सांग. बाबा प्यायले नसतील तर मी गप्प बसणार नाही, नोकरी गेली तरी चालेल.' आणि खाली लिहिलं होतंस, 'दुसऱ्याकडून लिहून घेऊ नकोस. स्वतःच्या हातानं लिही, म्हणजे मला पटेल.'

तू त्यांच्यासारखीच सरळ. नोकरी गेली तरी चालेल म्हणणारी. म्हणून मी स्वतःच्या हातानं लिहिलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं पत्र. दोन दिवस लागले. 'तुझ्या बाबांनी त्या दिवशी घेतली होती. मी पाहिलं. तू काही करू नको.' दोन जागी खाडाखोड झाली म्हणून पुन्हा उतरवून काढलं.

बाबांना दाखवलं. पुढं कधी तू त्यांना विचारलंस, तर दोघांचं एक असायला पाहिजे ना. त्यांनी कंदिलाजवळ धरून वाचलं, घडी घातली. म्हणाले, "अक्षर चांगलं आलं तुझं." आणि सायकल काढून स्वतः टाकून आले.

तुझं उत्तर त्यांच्या नावानं आलं. त्यात काय लिहिलं होतं ते तुला ठाऊक आहे. तीन वर्षं तू घरी आली नाहीस. मग आलीस ती लग्नाची तारीख सांगायला.

त्या ठेकेदारानं माफीच्या कागदाची एक नक्कल कारखान्यातही पाठवली. प्यायलेला म्हणून ज्यानं लिहून दिलं, तो दुसऱ्यांची तोंडं काय हुंगणार? गेट गेलं. सायकल स्टँडवर बसवलं. निवृत्तीपर्यंत अकरा वर्षं सायकली लावल्या. गेटावर त्यांच्या जोडीला लहानू होता, तो येता-जाता ओरडायचा, "काय अंबादास, आज किती पेग?" हे हात वर करून दोन बोटं दाखवायचे. लहानू हसायचा, हेही हसायचे. मला वाटायचं, सवय झाली.

त्र्याहत्तर साली मी दीक्षितपुऱ्यातल्या वाचनालयात जायला लागले होते. तिथं पेपरात वाचलं की पॅरिसजवळ एका विमानात आग लागून माणसं गेली आणि संडासात टाकलेल्या सिगारेटचा संशय आहे. घरी येऊन त्यांना सांगितलं. मला वाटलं, म्हणतील बघ, मी सांगत होतो. त्यांनी विचारलं, "किती?" मी म्हटलं, "शंभराच्या वर." जेवत होते, ताट सरकवलं. थोड्या वेळानं म्हणाले, "तिथं गेटावर कोणी नव्हतं का?"

आता तर आपल्या देशातल्या विमानात सिगारेट बंदच केली म्हणतात. तेव्हाच केली असती तर, असं मी कितीदा म्हणते. पण नियम उशिरा आला यात माझा दोष नाही. तुला जे लिहिलं तो माझा. ते अठ्ठ्याऐंशीत गेले तेव्हा तू दोन दिवसांसाठी आली होतीस. माझ्याजवळ बसून विचारलंस, "शेवटी शेवटी पीत होते का गं?" तेव्हाही मी नाही एवढंच म्हटलं. 'कधीच नाही' म्हणायला पाहिजे होतं. बायका बसल्या होत्या, आणि मला वाटलं, आता कशाला. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो. विनय तेव्हा पंधरा वर्षांचा असेल, तुझ्याजवळ उभा होता. त्यानं ते ऐकलं असेल हे माझ्या मनातही आलं नाही.

तू माझ्या अक्षरावर विश्वास ठेवून बापाला सोडलंस. आता त्याच अक्षरात हे लिहिते आहे. यावर ठेव. मग मला सोडलंस तरी चालेल.

आई

रांझी
१८ मे १९९५

चि. लतिका,

तीन आठवडे झाले, तुझं पत्र नाही, फोन नाही. मी समजू शकते. तरी दोन गोष्टी कळवायच्या आहेत.

रविवारी बुद्ध पौर्णिमा होती. विहारात सगळी वस्ती होती. वंदना झाल्यावर मी उभी राहिले. मला बोलायची सवय नाही, आवाज वर गेला. मी म्हटलं, "अंबादास कधी प्यायले नव्हते. मी खोटं बोलायला लावलं. पोरीच्या नोकरीसाठी." एवढंच. तरुण पोरांना काही कळलं नाही, ती एकमेकांना विचारत होती, अंबादास कोण. सत्तावीस वर्षं झाली, कोणाला पडली आहे? पण आता सांगून झालं.

एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. बाबा विहारात सगळ्यांना पंचशील म्हणून दाखवायचे, तू लहानपणी त्यांच्या शेजारी बसायचीस. सहीनंतर ते मागं बसायला लागले. पाचवं शील आलं, दारूचं, की लोक वळून त्यांच्याकडे बघायचे. हे ते मोठ्यानं म्हणायचे. लोकांना वाटायचं, काय निर्लज्ज माणूस आहे. पण मी शेजारी असायची. चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, त्यांचे ओठ मिटलेले असायचे. वीस वर्षं. छप्पन साली नागपूरला जाऊन घेतलेल्या पाचांपैकी त्यांनी एकच मोडलं आणि तेच म्हणायचं सोडलं. मला कधी त्यावरून बोलले नाहीत. मीही कधी विचारलं नाही.

विहाराबाहेर लहानू भेटला. आता काठी घेऊन चालतो, कानानं कमी ऐकतो.

म्हणाला, "वहिनी, मले माहीत होतं."

मी म्हटलं, "काय माहीत होतं?"

"पेत नव्हता म्हणून. अवो, मी गेटावर होतो. रोज सकाळी मीच त्याचं तोंड हुंगत होतो. अकरा वर्षांत एक दिवस वास आला नाही."

"मंग पेग-पेग काहून ओरडत होता?"

त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. "त्यानं लिहून दिलं होतं ना. लिहून देणाऱ्याला खोटं कसं पाडू? मले वाटलं, त्याले असंच पाहिजे. मी ओरडलो की तो हसे. नाही ओरडलो तर माझ्याकडे पाहत राहे." मग म्हणाला, "पोरगी काय म्हणते?"

मी म्हटलं, "अजून काही म्हणाली नाही."

"बापासारखी आहे," म्हणाला आणि गेला.

दुसरी गोष्ट. परवा विनयचा फोन आला होता. तुला माहीत आहे की नाही मला माहीत नाही. केंद्रातून केला होता. बेबी धावत बोलवायला आली, मी चप्पल न घालता गेले. तो एकेक शब्द जुळवत बोलत होता.

"आजी. मी विनय."

"बोल बाळा."

"आईनं पत्र वाचलं. सगळे. आजोबा... कधी नाही प्यायले?"

"कधीच नाही."

"वन टाइम पण नाही?"

"एकदाही नाही."

बेबीची मुलगी टीव्ही बघत होती, तिनं आवाज कमी केला. मग तो म्हणाला, "मग हे फक्त माझं आहे."

मी काय बोलायला पाहिजे होतं, लतिका? तू असतीस तर तुला सुचलं असतं. मी म्हटलं, "हो, तुझं आहे." तो म्हणाला, "ओके, आजी." आणि ठेवला.

मी इतके दिवस समजत होते की त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवते आहे. घरी चालत येताना लक्षात आलं, तो त्या खोट्याला टेकून बसला होता. मी ते काढून घेतलं. खरं सांगितल्यानं माणूस उभा राहतो असं पुस्तकांत असतं. काही माणसं पडतातही. मला तो पडायला नको आहे. म्हणून लिहिते, तू त्याच्याजवळ राहा. माझ्याशी बोलायचं, माझ्यावर रागवायचं, ते सगळं नंतर. मी इथंच आहे. गुडघे दुखतात, बाकी ठणठणीत आहे. बेबी दुपारी येऊन बसते, तिला मी वाचून दाखवते.

त्याला हसवायचं असेल तर छत्रीची गोष्ट पुन्हा सांग. आजोबांना दारूचा राग नव्हता हेही सांग. पिणाऱ्यांना ते कधी तोडून बोलले नाहीत. गेटावर ज्याच्या तोंडाला वास यायचा त्याला घरी पाठवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा "जयभीम म्हण" म्हणून उभं करायचे. काल काय झालं ते विचारायचे नाहीत. रोज सकाळी नव्यानं. मला वाटतं, विनयला हे उपयोगी पडेल. मला नक्की माहीत नाही.

मागच्या महिन्यात मी तुला लवकर ये असं लिहिणार होते. आता म्हणते, एकटी येऊ नकोस. तो बरा होईपर्यंत तिकडेच थांब. मी ऐकलं आहे की परदेशी विमानात सिगारेट हळूहळू बंद होते आहे, पण दारू अजून फुकट देतात, ढकलगाडी घेऊन प्रत्येकाजवळ येतात आणि विचारतात. तू ती गाडी ढकलणाऱ्यांतलीच, तुला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत. इतके तास, बसल्या जागी, दर थोड्या वेळानं कोणीतरी हसून विचारणार.

ज्या दिवशी तो नको म्हणू शकेल असं त्याला स्वतःला वाटेल, त्या दिवशी दोघांची तिकिटं काढ. तू सांगू नकोस, त्याला सांगू दे. दोन वर्षं लागली तरी लागू देत.

आई